शनिवारची जपानी शाळा: परदेशातल्या मुलासाठी ‘होशूको’ निवडताना आणि निभावताना

परदेशात राहणाऱ्या जपानी मुलांसाठी एक शाळा असते, ती आठवड्यातून एकदाच भरते, बहुतेक ठिकाणी शनिवारी. पूर्ण नाव ‘होशू जुग्यो को’, बोलताना सगळे ‘होशूको’ म्हणतात. शाळेतला अभ्यास भरून काढणारी शाळा, असा तिचा साधा अर्थ. तिच्याबद्दल आता मराठी घरांतूनही विचारणा होते आणि विचारणारी घरं मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात आई किंवा बाबा जपानी असतात. दुसऱ्या प्रकारात दोघंही मराठी असतात, पण मुलाची पहिली-दुसरी टोकियोच्या निशी-कासाईत किंवा योकोहामाला तिथल्या सरकारी शाळेत झालेली असते आणि मग बदली होते अमेरिकेत नाहीतर युरोपात. काल घडाघडा जपानी बोलणारं मूल हळूहळू शब्दांसाठी अडायला लागतं आणि घरात धावपळ सुरू होते.

तिसराही प्रकार भेटतो. मुलीला ॲनिमे आवडतात, जपानी शिकायची हौस आहे, घरात कुणालाच जपानी येत नाही. त्यांना सरळ सांगते, ही शाळा तुमच्यासाठी नाही. हौसेने भाषा शिकायला वेगळे वर्ग असतात आणि ते पुष्कळ आनंदाचे असतात. इथे शिक्षक जपानीतूनच गणित शिकवतील आणि मूल भिंतीकडे बघत बसेल.

१. ही शाळा आहे काय, ते आधी समजून घ्या

अशी पहिली शाळा १९५८ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. पुढे जपानी कंपन्या जिथे गेल्या तिथे ती गेली: न्यूयॉर्कला १९६२ मध्ये, लॉस एंजेलिसला १९६९ मध्ये ‘असाही गाकुएन’, आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे डेट्रॉइटला १९७३ मध्ये ‘रिंगो काइ’. आज जगभरात अशा दोनशेहून जास्त शाळा आहेत. मुंबई-दिल्लीत ज्या ‘निहोनजिन गाक्को’ आहेत त्या निराळ्या. त्या पूर्णवेळ जपानी शाळा, रोज भरणाऱ्या. होशूकोतलं मूल सोमवार ते शुक्रवार स्थानिक शाळेत जातं आणि शनिवारी इथे येतं.

शाळा चालवतं कोण? स्थानिक जपानी मंडळ, कंपन्या आणि पालकांची समिती. जपान सरकार भाड्याला आणि शिक्षकांच्या मानधनाला थोडा हातभार लावतं, मोठ्या शाळांना जपानहून शिक्षकही पाठवतं. २०२२ मध्ये जपानी संसदेने परदेशातल्या जपानी शाळांसाठी स्वतंत्र कायदाही केला. तरी रोजचा गाडा पालकच ओढतात. वर्गावर येणारे पुष्कळसे शिक्षक त्याच गावात राहणारे जपानी असतात, कुणाची आई, कुणी पीएचडी करणारा विद्यार्थी.

वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं, मग तुम्ही शिकागोत असा की लंडनमध्ये. विषय मुख्यतः दोन: ‘कोकुगो’ म्हणजे भाषा आणि ‘सानसू’ म्हणजे गणित. मोठ्या शाळांत समाजशास्त्र आणि विज्ञानही असतं. पुस्तकं तीच, जी ओसाकातल्या मुलाच्या दप्तरात असतात. जपानमध्ये पहिलीला भाषेचे वर्षाला ३०६ तास असतात, प्रत्येक ४५ मिनिटांचा. शनिवारच्या शाळेत वर्षाकाठी साधारण चाळीस शनिवार मिळतात. दर शनिवारी भाषेचे तीन तास धरले तर झाले १२०. उरलेले १८६ तास कुठे जातात? तुमच्या घरी येतात. पुढचं सगळं याच आकड्याभोवती फिरतं.

२. फॉर्म भरण्याआधी घरात एक प्रश्न सोडवा

मूल परत जपानी शाळेत जाणार आहे का?

या शाळा मुळात परतणाऱ्या मुलांसाठी उभ्या राहिल्या. बाबांची तीन-चार वर्षांची बदली संपली की मूल नागोयाच्या वर्गात जाऊन बसेल आणि तिथे मागे पडणार नाही, एवढाच हेतू. दोन-तीन वर्षांत तुम्हीही परतणार असाल तर फार विचार करू नका, प्रवेश घ्या. जपानमध्ये सरकारी शाळेत वयानुसार इयत्ता मिळते. परदेशी नागरिकांच्या मुलांनाही, पालकांनी मागितल्यास, फी न घेता प्रवेश देतात. त्यामुळे होशूकोत गेलं नाही म्हणून दार बंद होत नाही. पण सहावीच्या वर्गात तिसरीची कांजी, म्हणजे चिनीतून आलेली जपानी अक्षरं, घेऊन बसणं मुलाला फार जड जातं.

परतायचं नसेल तर हिशेब बदलतो. मग प्रश्न असा की आजीशी फोनवर बोलता यावं एवढं पुरे आहे, की पुस्तक वाचता यावं, की पुढे जपानीत काम करता यावं? पहिल्यासाठी होशूको लागत नाही. घरातला जपानी पालक हट्टाने जपानीच बोलत राहिला आणि उन्हाळ्यात मूल आजोळी राहिलं तर ते जमतं. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी शाळेचा उपयोग मोठा आहे, पण मग ‘वारसा भाषा’ म्हणून जपानी शिकवणारे वर्गही बघा. त्यांना ‘केइशोगो’ वर्ग म्हणतात. तिथे इयत्तेपेक्षा मुलाची पातळी बघतात, कांजी कमी, बोलणं-लिहिणं जास्त. काही शाळांत दोन्ही प्रवाह एकाच छपराखाली चालतात, न्यू जर्सीतली प्रिन्स्टनची शाळा त्यांपैकी एक. स्थायिक घरांसाठी मला हा दुसरा प्रवाह जास्त शहाणपणाचा वाटतो. जपानी पालकांना मात्र तो कधीकधी कमीपणाचा वाटतो, आणि त्या मानापायी मुलं नको त्या वर्गात बसतात.

हा प्रश्न दोघांनी मिळून सोडवा. एकाने ठरवायचं आणि दुसऱ्याने शनिवारी गाडी चालवायची, अशी घरं दुसऱ्या वर्षी भांडायला लागतात.

३. मुलाची पातळी स्वतः तपासा

बोलता येतं म्हणजे वर्गात निभावेल असं नाही. स्वयंपाकघरातलं जपानी आणि धड्यातलं जपानी यांत बरंच अंतर असतं.

मोजायला सोपी पट्टी म्हणजे कांजी. प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात: पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, चौथीत २०२, पाचवीत १९३, सहावीत १९१. ‘कानकेन’ नावाची कांजीची परीक्षा याच पायऱ्यांवर बेतलेली आहे. तिची दहावी पातळी म्हणजे पहिली इयत्ता, नववी म्हणजे दुसरी, असं करत पाचवी पातळी म्हणजे सहावी इयत्ता. आकडा उतरतो तसा कस वाढतो. जुन्या सरावपत्रिका मिळतात. मुलाला मागच्या इयत्तेची पत्रिका घड्याळ न लावता सोडवायला द्या. निम्म्याहून जास्त आली तर काळजी नाही. पुण्यात जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा दिलेल्या पालकांना वाटतं की एन-फोर, एन-थ्री अशा तिच्या पातळ्यांनी मुलाला मोजावं. ती परीक्षा जपानी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी आहे. आठ वर्षांच्या मुलाबद्दल ती फारसं काही सांगत नाही.

मग पाठ्यपुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि पुस्तक मिटून ‘काय झालं गोष्टीत?’ असं जपानीतच विचारा. वाचलं पण सांगता येत नाही, तर अडचण शब्दसंग्रहाची. सांगितलं पण वाचताना अडखळलं, तर अडचण लिपीची. लिपीची अडचण दोन-तीन महिन्यांच्या रोजच्या सरावाने बरीच सुटते, शब्दसंग्रहाला वेळ लागतो.

इयत्तेचा घोळही आत्ताच मिटवा. जपानमध्ये २ एप्रिल ते पुढच्या वर्षीची १ एप्रिल या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात असतात. अमेरिकी किंवा ब्रिटिश शाळेच्या तारखा वेगळ्या, त्यामुळे मूल इथे एका इयत्तेत आणि तिथे दुसऱ्या इयत्तेत असणं अगदी नेहमीचं आहे. एक इयत्ता खाली बसवता येईल का, हे शाळेवर अवलंबून. काही शाळा वयावर ठाम असतात, काही ऐकतात. मागायला लाजू नका. पण जपानला परतलात की पुन्हा वयाचीच इयत्ता, हे लक्षात ठेवा.

४. शाळा बघायला जा

जवळच्या जपानी वकिलातीच्या संकेतस्थळावर त्या भागातल्या शाळांची यादी असते. ‘जवळची’ म्हणजे गाडीने तासभर लांब, असंही होतं. जाण्यायेण्याचे दोन तास हे मुलाच्या शनिवारातून वजा होतात, तेव्हा नकाशा आधी उघडा आणि मग बाकीचं.

बहुतेक शाळा वर्गात बसून बघू देतात. ‘केनगाकु’साठी वेळ मागा आणि गणिताऐवजी भाषेचा तास बघा. फलकावर काय लिहिलंय त्यापेक्षा मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात ते ऐका. सगळी इंग्रजीत बोलत असतील तर त्यात शाळेचा दोष नाही, पण मुलाला तिथे आपसूक जपानी मिळेल ही आशा सोडून द्या.

मग विचारा: वर्गात किती मुलं, त्यातली परतणारी किती आणि इथेच राहणारी किती? घरी जपानी न बोलणारी मुलं आहेत का? गृहपाठ न झाल्यास काय करता? पालकांची ड्युटी वर्षातून किती वेळा आणि तिथे जपानी वाचता येणं लागतं का? प्रवेशशुल्क, महिन्याची किंवा सत्राची फी, इमारतीचा निधी, बस असे खर्च वेगवेगळे असतात, त्यांची बेरीज मागा. कंपनीने पाठवलेल्या जपानी कर्मचाऱ्यांची फी पुष्कळदा कंपनी भरते. तुम्ही भारतीय आयटी कंपनीतर्फे गेला असाल तर ती तुमच्या खिशातून जाणार, असं धरूनच चाला.

५. कागदपत्रं आणि पाठ्यपुस्तकं

घरातला कुणी जपानी नागरिक तीन महिन्यांहून अधिक परदेशात राहणार असेल तर त्याला वकिलातीत ‘झाइर्यू तोदोके’, म्हणजे राहण्याची नोंद, करावी लागते. मुलाचं नाव त्यात असू द्या. पुढचं बरंच काही या नोंदीवर चालतं.

परदेशातल्या जपानी नागरिक मुलांना सक्तीच्या शिक्षणाच्या वयात, म्हणजे सहा ते पंधरा, जपान सरकार पाठ्यपुस्तकं फुकट देतं. जपानहून निघत असाल तर आधीच्या शाळेकडून पुस्तकांसंबंधीचा दाखला घ्या. तो दाखवून पहिला संच परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून, म्हणजे ‘काइगाइ शिजो क्योइकु शिनको झाइदान’कडून मिळतो. नंतरचे संच वकिलातीमार्फत. प्राथमिकची पुस्तकं वर्षातून दोन हप्त्यांत येतात आणि मागणी नोंदवायची मुदत असते. ती चुकली तर सत्र सुरू झाल्यावरही मूल झेरॉक्सवर शिकत बसतं. काही होशूको मुलांच्या वतीने मागणी नोंदवतात, पण तसं आहे का ते विचारून घ्या.

मुलाकडे जपानी पासपोर्ट नसेल, जसं दोन्ही पालक मराठी असलेल्या घरांत असतं, तर ही फुकट पुस्तकं मिळत नाहीत. शाळेमार्फत विकत घेता येतात. घेताना प्रकाशक बघा. जपानमध्ये एकाच विषयाची अनेक प्रकाशकांची मान्य पुस्तकं असतात, भाषेसाठी मित्सुमुरा तोशो, गणितासाठी तोक्यो शोसेकी अशी नावं दिसतील. बाजारातल्या सरावाच्या वह्या प्रकाशकानुसार बेतलेल्या असतात. दुसऱ्याच प्रकाशकाची वही घेतली की धड्यांचा क्रम जुळत नाही.

मिश्र विवाहातल्या जोडप्यांसाठी, विशेषतः बाळ अजून व्हायचं असेल तर: मूल जपानबाहेर जन्मलं आणि त्याला जन्मतःच दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व मिळालं, तर तीन महिन्यांच्या आत जपानी वकिलातीत जन्मनोंदणी करावी लागते आणि त्याच अर्जात जपानी नागरिकत्व राखत असल्याचं लिहावं लागतं. मुदत गेली तर ते नागरिकत्व जन्मापासूनच नव्हतं असं धरलं जातं. अमेरिकेत बाळंतपण झालेल्या घरांत बारशाच्या गडबडीत हे राहून जाऊ शकतं.

६. मुलाखत

बहुतेक ठिकाणी छोटी लेखी चाचणी आणि मुलाखत असते. पहिलीच्या मुलाला नाव, घरात कोण कोण, आवडता खेळ असं विचारतात आणि हिरागाना, म्हणजे उच्चारानुसार लिहायची साधी जपानी अक्षरं, वाचायला देतात. शिक्षक उत्तराइतकंच आणखी एक बघतात: सगळ्या वर्गाला उद्देशून दिलेली सूचना, ‘वही काढा, बारावं पान उघडा’, मुलाला कळते का. घरी जपानी फक्त आईशी बोलणारं मूल इथे गडबडतं, कारण आई नेहमी त्याच्याकडे बघून बोलते.

मुलाखत पालकांचीही असते. गृहपाठ कोण घेणार, असं विचारतील. खरं सांगा. मराठी पालकाला जपानी वाचता येत नसेल आणि जपानी पालक आठवडाभर दौऱ्यावर असेल, तर तेही सांगा आणि पर्याय काय केलाय ते सांगा. शाळेची पत्रकं, ज्यांना ‘ओतायोरी’ म्हणतात, ती सगळी जपानीत येतात आणि ढिगाने येतात. फोनवरचा अनुवाद कामचलाऊ असतो, पण ‘पुढच्या शनिवारी इनडोअर शूज आणा’ एवढं त्यातून नक्की कळतं.

७. सोमवार ते शुक्रवार

खरी शाळा या पाच दिवसांत, घरी भरते. शनिवार हा आठवड्याचा हिशेब देण्याचा दिवस. ज्या घरात शुक्रवारी रात्री दप्तर उघडतं त्या घरातलं मूल फार दिवस टिकत नाही, आणि आळस हे त्याचं कारण क्वचितच असतं. चार-पाच संध्याकाळींचं काम एका रात्रीत बसत नाही, एवढं साधं ते आहे.

रोज वीस मिनिटं, एकाच वेळी, एकाच जागी. लहान मुलाला एवढं पुरतं. चौथीपासून अर्धा तास धरा. शनिवारी संध्याकाळी घरी आल्यावर दप्तर रिकामं करून गृहपाठाचे पाच भाग पाडा आणि फ्रिजवर चिकटवा. रविवार मोकळा ठेवा. यावर मी हटून बसते, कारण मुलाचा शनिवार आपण आधीच घेतलेला असतो.

‘ओनदोकु’, म्हणजे धडा मोठ्याने वाचणं, रोज असतं. त्याचं कार्ड येतं आणि ऐकल्याची सही पालकाने करायची. जपानी न येणाऱ्या मराठी पालकाने हे काम आनंदाने आपल्याकडे घ्यावं. तुम्हाला अर्थ कळत नाही हेच इथे कामाला येतं: मूल वाचून झाल्यावर तुम्हाला मराठीत गोष्ट सांगेल. सांगता आली तर धडा कळलाय. कुठे अडखळलं हे समजायला भाषा लागत नाही, कान लागतो. आणि मुलाला आई-बाबांपेक्षा आपल्याला काहीतरी जास्त येतं याची मजा वाटते, ती मजा शनिवारपर्यंत पुरते.

कांजीचा वेग मोजून ठरवा. तिसरीची २०० कांजी चाळीस आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला पाच. ऐकायला थोडी वाटतात, पण एकेकाची वाचनं अनेक. जन्म-जीवन या अर्थाचं पहिलीतलंच एक कांजी घ्या, ते जागेनुसार ‘सेइ’, ‘शो’, ‘इकिरु’, ‘उमारेरु’, ‘नामा’ असं बदलत वाचलं जातं. म्हणून एक कांजी वीस वेळा गिरवण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या शब्दांत ते प्रत्येकी दोनदा लिहिणं बरं. रेघांचा क्रम आणि रेघ कुठे थांबते, कुठे उसळी घेते, हे शिक्षक बारकाईने बघतात. त्यावर वाद घालू नका, सवय लागू द्या. सोमवार-मंगळवारी नवी कांजी, बुधवारी मागच्या आठवड्याची, गुरुवारी पालकाने तोंडी विचारायची, शुक्रवारी फक्त चुकलेली. परीक्षेत शंभरपैकी शंभर आणि महिन्याने कोरी पाटी, हे सगळ्यांच्याच घरी होतं. बुधवारचा दिवस त्यासाठी ठेवलाय.

गणितात मराठी पालकाला वाटतं की हे तर आपलं मैदान. थोडं जपून. दुसरीत ‘कुकु’ म्हणजे नवापर्यंतचे पाढे येतात आणि ते चालीवरच पाठ करायचे असतात, ‘नि निन गा शी’, म्हणजे बे दुणे चार. इथवर आपलंच घर. पण पाच ताटल्यांत प्रत्येकी तीन लाडू असतील तर जपानी शाळेत ते ३ × ५ असं मांडायला शिकवतात, आधी एका ताटलीतले लाडू, मग ताटल्या. अमेरिकी शाळेत ५ × ३ म्हणजे तीन-तीनचे पाच गट. उत्तर पंधराच, पण मांडणी उलटी, आणि काही शिक्षक त्याचे गुण कापतात. मुलाला सांगा की शनिवारी असं लिहायचं आणि बाकीचे दिवस तसं. मुलं हे आपल्यापेक्षा लवकर मान्य करतात. आपला ‘बे त्रिक सहा’, म्हणजे दोन तीनदा, जपानी मांडणीच्या बाजूचा आहे.

मोठ्या संख्यांत तीन पद्धती एकमेकींवर आदळतात. जपानी मोजणी चार-चार शून्यांनी पुढे जाते: ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी. आपली हजारानंतर दोन-दोनने, लाख आणि कोटी. इंग्रजी तीन-तीनने. दहा ‘मान’ झाले की एक लाख, शंभर ‘मान’ म्हणजे दहा लाख, इंग्रजीतला एक मिलियन. तिसरी-चौथीत हे येतं तेव्हा एक तक्ता करून भिंतीवर लावाच. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर घरात वाद झालेले मी ऐकलेत.

‘साकुबुन’, म्हणजे निबंध, चौकटीच्या कागदावर उभा लिहायचा असतो, चारशे घरांचा कागद. विषय बहुतेकदा ‘सुट्टीत मी काय केलं’. मुलाला आधी तोंडी सांगू द्या, तुम्ही तीन-चार शब्द टिपून घ्या आणि मग त्याने लिहावं. जपानी पालकाने वाक्यं सुधारून देण्याचा मोह आवरावा. शिक्षकांना आईचं जपानी ओळखू येतं.

८. शनिवारची सकाळ

डबा घरून. ओनिगिरीच, म्हणजे भाताचा गोळाच, हवी असं काही नाही, पोळीची गुंडाळी चालते. पण शाळा बहुधा स्थानिक शाळेची भाड्याने घेतलेली इमारत असते आणि तिथे शेंगदाण्याला अनेकदा बंदी असते. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची चटणी आणि कूट घातलेली कोशिंबीर बाद. आदल्या रात्रीच बघून घ्या.

भाड्याच्या वर्गाचे नियम कडक असतात. बाकात ठेवलेल्या दुसऱ्या मुलाच्या पेन्सिलीला हात लावायचा नाही. बाकं हलवली तर शाळा सुटताना जशी होती तशी, म्हणून काही वर्गांत सकाळीच फोटो काढून ठेवतात. एखादी वस्तू हरवली तर पुढच्या वर्षीचा भाडेकरार अडू शकतो, त्यामुळे पालकांच्या ड्युटीतलं बरंचसं काम व्हरांड्यात उभं राहून हेच बघण्याचं असतं. ड्युटी टाळू नका. जपानी कच्चं असलं तरी पार्किंग, वाचनालयाची पुस्तकं, क्रीडादिनाला दोऱ्या धरणं ही कामं कुणालाही जमतात. तिथे झालेल्या ओळखीच पुढे पत्रकाचा अर्थ सांगतात.

९. आणि मराठी?

शनिवारी जपानी शाळा, आठवडाभर इंग्रजी नाहीतर जर्मन, मग मराठी कधी? उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळाही शनिवार-रविवारीच भरतात. दोन्ही दिवस शाळेत घातले तर मूल दोन्ही शाळांवर रुसतं. मी तरी मराठी बोलण्यात ठेवीन आणि लिहायला उशिरा शिकवीन. आईने किंवा बाबांनी मराठीतच बोलायचं, गृहपाठाच्या वेळीही. मराठी वाचन नऊ-दहा वर्षांचं झाल्यावर सुरू केलं तरी चालतं, कारण देवनागरी कांजीसारखी वर्षानुवर्षं चालत नाही.

शिवाय मराठी इथे मदतीला येते. जपानी अक्षरांचा क्रम पाहा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपल्या वर्णमालेची सावली आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत आणि सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम जपानमध्ये रुजवला. च-वर्गाच्या जागी ‘सा’ आणि प-वर्गाच्या जागी ‘हा’ बसवून बघा, ओळ जुळते. शब्दकोश याच क्रमाने लावलेला असतो, त्यामुळे ज्याला क-ख-ग-घ पाठ आहे त्याला शब्द शोधायला सोपं जातं. वाक्यरचनाही ओळखीची: ‘मी शाळेत जातो’मधले शब्द त्याच क्रमाने जपानीत ठेवा, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दामागे. इंग्रजीतून जपानीत भाषांतर करणाऱ्या मुलापेक्षा मराठीतून करणाऱ्याचं वाक्य सरळ येतं.

१०. चौथीचा चढ

पहिली-दुसरी उत्साहात जातात. तिसरी-चौथीत मुलं गळायला लागतात आणि त्याला कारणं आहेत. स्थानिक शाळेतला अभ्यास वाढतो, फुटबॉलचे सामने शनिवारीच असतात, मित्रांचे वाढदिवसही शनिवारीच. धडे गोष्टींकडून माहितीकडे वळतात. चौथीत तर जपानच्या प्रांतांच्या नावांतली वीस कांजी २०२० पासून अभ्यासक्रमात आली आहेत. तोचिगी आणि गिफू नकाशावरही न पाहिलेल्या मुलाने ती का शिकावी, याचं पटेल असं उत्तर आपल्याकडे नसतं.

इथे काम करते ती जपानची भेट. ‘ताइकेन न्यूगाकु’ म्हणजे सुट्टीत काही आठवडे जपानमधल्या सरकारी शाळेत पाहुणा विद्यार्थी म्हणून बसणं. अमेरिकी शाळा जूनमध्ये सुटतात आणि जपानी शाळा साधारण २० जुलैपर्यंत चालतात, त्यामुळे हे जमतं. ब्रिटनमध्ये सुट्टी जुलैच्या शेवटी लागते, तिथल्यांना अवघड. परवानगी द्यायची की नाही ते त्या गावची शाळा आणि शिक्षण मंडळ ठरवतं, म्हणून वसंतातच, आजी-आजोबांच्या पत्त्यावरून, विचारणा करा. शाळेत शिरताना बदलायचे बूट, जेवणाचे पैसे, सफाईची पाळी हे सगळं ओघाने येतं. आजोळ जपानमध्ये नसलेल्या मराठी घरांना हा मार्ग सहसा मिळत नाही. त्यांनी टोकियोत राहिलेल्या जुन्या शेजाऱ्यांशी, वर्गमित्रांशी दर आठवड्याला व्हिडिओवर गप्पा सुरू ठेवाव्यात.

मूल ‘जायचं नाही’ म्हणालं तर आधी विचारा, की शाळा नको की गृहपाठ नको. बहुतेकदा गृहपाठ नको असतो. शिक्षकांशी बोलून तो कमी करून घेता येतो, निम्मी कांजी, लहान निबंध. हे मागणाऱ्या पालकाला शाळा वाईट समजत नाही. रडत-ओरडत भरलेल्या वहीपेक्षा अर्धी वही बरी.

११. सोडायची वेळ आली तर

सत्राच्या मध्ये सोडू नका, मार्चच्या निरोप समारंभापर्यंत थांबा. मित्रांचा निरोप घेता येतो आणि फीचा हिशेबही सरळ राहतो. किती दिवस आधी लेखी कळवायचं हे नियमपुस्तिकेत असतं. निघताना शिकत असल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तकं मागून घ्या. पुढे जपानमध्ये परतलेल्या मुलांसाठी राखीव जागांवर अर्ज करायचा झाला तर परदेशातल्या शिक्षणाचे कागद लागतात आणि पाच वर्षांनी ते शोधणं कठीण जातं. वाचनालयाची पुस्तकं परत करा. जपानी नागरिक असलेल्या मुलाला वकिलातीतून मिळणारी पाठ्यपुस्तकं होशूको सोडल्यावरही मिळतात, फक्त पुढच्या हप्त्याची मागणी आता शाळेऐवजी तुम्हाला नोंदवावी लागेल.